सूट आणि तहकुबी

महाराष्ट्रातील शाळांना वर्षातून दोन दीर्घ सुट्ट्या असतात, एक दिवाळीची आणि दुसरी मे महिन्याची. आणि लहान मुलांना घेऊन दिल्लीस येऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांच्या दुर्दैवाने या दोन्ही सुट्ट्या नेमक्या अशा ऋतूंत पडतात, की ज्यांत खुद्द दिल्लीकर सुज्ञ मनुष्य आपली मुले दुपारी घराबाहेर काढावयास धजत नाही. मे आणि जून या महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास जाऊन टेकतो आणि राजस्थानकडून येणारी ‘लू’ सायंकाळपर्यंत अंगाची लाही करते. तर दिवाळीच्या सुमारास पंजाब-हरियाणातील भाताची धसकटे जाळल्याचा धूर, वाहनांचा धूर, फटाक्यांची दारू आणि पडलेला वारा यांचा असा काही संयोग होतो, की हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक 400 ची मर्यादा ओलांडून ‘गंभीर’ या श्रेणीत शिरतो आणि प्राथमिक वर्ग बंद ठेवण्याचे हुकूम सरकारला काढावे लागतात. मी दिल्लीत बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करतो. सहामाही परीक्षा संपत आल्या, की पुणे, सांगली, नाशिक येथील आप्तेष्टांची मजकडे जी विचारणा सुरू होते ती ताप-खोकल्याची नसते; मनोरंजन उद्यान कोणते पाहावे, किती दिवस काढावे आणि तिकीट कोणते घ्यावे, ही ती विचारणा असते. पुष्कळांना ती वैद्याला विचारण्याची बाब वाटत नाही. माझ्या मते ती सर्वस्वी त्यालाच विचारण्याची बाब आहे, कारण अशा सहलीचा बेत फसतो तो बहुधा पैशाच्या किंवा वाहनाच्या अभावी फसत नाही, मुलाच्या शरीराचा हिशेब न धरल्यामुळे फसतो.

तो हिशेब फार अवघड नाही. वयात आलेला माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो, तीन वर्षांचे मूल 20 ते 30 घेते; त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, आणि नाक जमिनीच्या, म्हणजे धुळीच्या आणि तापलेल्या फरशीच्या अधिक जवळ असते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे बाहेरची उष्णता ते लवकर शोषून घेते, घाम मात्र कमी येतो, आणि खेळण्यात रमले म्हणजे तहान लागल्याचे सांगण्याचीही त्याला शुद्ध राहत नाही. ज्या दिवशी निर्देशांक 200 च्या वर असेल त्या दिवशी उघड्यावरचा कार्यक्रम रद्द करावा, असे मी सांगतो. मग तिकीट काढलेले असो वा नसो. सबब, बेताची पहिली ओळ उद्यानाच्या नावाने लिहू नये, महिन्याच्या नावाने लिहावी. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे दिवस उत्तम; पावसाळा ओसरल्यानंतरचा आणि धूर येण्यापूर्वीचा थोडासा काळ हा दुसरा पर्याय. बालवाडीत जाणाऱ्या मुलाने मार्च महिन्यात चार दिवस गैरहजर राहिल्याने त्याच्या विद्याभ्यासाची कोणतीही अपरिमित हानी होत नाही, असा लेखी दाखला द्यावयास मी केव्हाही तयार आहे.

या उद्यानांचा पूर्वेतिहास आपल्याकडे तसा अलीकडचा. युरोपात कोपनहेगनचे ‘तिव्होली’ 1843 साली उघडले. अमेरिकेतील ‘डिस्नेलँड’ 17 जुलै 1955 रोजी सुरू झाले. त्याची कल्पना सुचली ती लॉस एंजेलिसच्या एका सार्वजनिक बागेत, आपल्या दोन मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसल्या असता बापाला बाकावर स्वस्थ बसून राहण्यापलीकडे काही काम नव्हते तेव्हा, असे खुद्द डिस्नेने सांगितले आहे. आपल्याकडे आकाशपाळणा गावोगावच्या जत्रेत आधीपासून होताच. त्याला कायमचे कुंपण आणि प्रवेशद्वार मिळाले ते दिल्लीत, प्रगती मैदानालगत, 19 नोव्हेंबर 1984 रोजी सुरू झालेल्या ‘अप्पू घर’ने. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या हत्तीच्या पिलाचे नाव त्याला दिलेले होते. 2008 साली ते बंद झाले. दिल्लीत वाढलेल्या मराठी माणसांची एक अख्खी पिढी आजही त्या नावासरशी हळवी होते, आणि तेथील पाळण्यांचा क्रम न चुकता सांगते.

जत्रेत आणि उद्यानात एक मूलभूत फरक आहे, आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ त्यात आहे. जत्रेत पाळण्याचे पैसे पाळण्यापाशी द्यावयाचे असत. मूल कंटाळले, की बाप उठून चालू लागे आणि त्याच्या खिशाचे काही बिघडत नसे. आताच्या उद्यानात प्रवेशद्वारावर दिवसभराची रक्कम एकदम भरावी लागते. एकदा ती भरली, की अत्यंत समंजस गृहस्थाच्या ठिकाणीही वसुलीची वृत्ती संचार करते. सकाळी उघडण्याच्या वेळेपासून रात्री बंद होण्याच्या वेळेपर्यंत प्रत्येक पाळणा, प्रत्येक घसरगुंडी आणि प्रत्येक कारंजे पदरात पाडून घेतल्याविना तो दाराबाहेर पडावयास राजी होत नाही. त्या वसुलीचा तगादा अखेर कोणावर लागतो? ज्याने तिकीटही काढलेले नाही आणि ज्याला पैशाची ओळखही नाही, त्या साडेतीन वर्षांच्या जिवावर.

उंचीच्या पट्टीपाशी हे प्रकरण विशेष पाहण्यासारखे असते. दिल्लीच्या मेट्रोत मोठ्या माणसाबरोबर असलेल्या तीन फुटांखालील, म्हणजे 90 सेंटिमीटरपर्यंतच्या मुलास भाडे नाही, आणि उद्यानांतूनही तिकिटाचा दर बहुधा उंचीवरूनच ठरतो. त्यामुळे खिडकीपाशी पालक मुलाला किंचित वाकून उभे राहावयास सांगतात, आणि तेच मूल तासाभराने मोठ्या राइडच्या फाटकापाशी आले, की त्याच पालकांच्या इशाऱ्यावरून टाचा उचलून उभे राहते. फाटकावरचा माणूस अनुभवी असतो. तो मुलाच्या डोक्यावर तळहात सपाट ठेवून फुगलेले केस दाबतो, खाली वाकून बुटांकडे पाहतो, “बेटा, एड़ियाँ नीचे” असे शांतपणे म्हणतो, आणि लाल रेघ दोन बोटे वर राहिली, की मान हलवतो. त्यानंतर आईबाप त्याच्याशी जी हुज्जत घालतात, ती ऐकताना मला संकोच वाटतो. कारण ती रेघ कोणाच्या लहरीने ओढलेली नाही. बसणाऱ्याला आसनात जखडून ठेवणारी दांडी ठरावीक मापाच्या मांडीवर आणि कमरेवर टेकावी अशी बनविलेली असते. देह त्याहून लहान असला, तर दांडी लागूनही मूल तिच्याखालून सरकू शकते. शिवाय जन्मतः मुलाचे डोके शरीराच्या लांबीच्या एकचतुर्थांश असते आणि पुढे अनेक वर्षे ते मानेच्या स्नायूंना जडच असते. अकस्मात बसणारा हिसका त्या मानेने सोसावा असा तिचा अद्याप करार झालेला नाही.

तेव्हा घरीच उंची मोजून निघावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली वाढीचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते, आणि ते तक्ते आज कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या मेजावर सापडतील. स्थूलमानाने मूल अडीच वर्षांच्या सुमारास 90 सेंटिमीटर होते, पाचव्या वर्षी 108 च्या आसपास पोहोचते, आणि मोठ्या राइडना सामान्यतः लागणारी चार फुटांची उंची सातव्या वर्षाच्या मागेपुढे गाठते. याचा सरळ अर्थ असा, की पाच वर्षांच्या मुलास जी राइड दाखविण्यासाठी आपण हजार मैलांचा प्रवास करतो, ती त्याने बाहेर उभे राहून पाहावी, एवढीच नियमांची इजाजत आहे. हे त्याला घरीच, नकाशा पुढे ठेवून सांगावे. फाटकापाशी कळलेला नकार मुलास अपमानासारखा लागतो. घरून माहीत असलेला नकार ते निमूट स्वीकारते, इतकेच नव्हे, तर धाकट्या भावंडास तो नियम समजावूनही सांगते.

दुसरी बाब झोपेची. तीन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून 10 ते 13 तास झोप लागते, आणि दुपारची झोप मोडली, की तिची भरपाई रात्री होत नाही, संध्याकाळच्या आकांताने होते. सांगलीची माझी भाची एका मार्चमध्ये आपल्या मुलास घेऊन आली होती. दुपारी अडीचच्या सुमारास तो मुलगा खाण्याच्या दुकानांपुढल्या फरशीवर आडवा पडून, हातात असलेलेच आइस्क्रीम मला हवे म्हणून आक्रोश करीत होता. ते वितळून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले होते. मी म्हणालो, “आता घरी चला.” त्यावर ती कळवळून म्हणाली, “अहो मामा, अजून पाण्याचा भाग बघायचाय की! निम्मे पैसे वाया जातील सगळे!” मुलाची जीभ कोरडी होती आणि डोळे झोपेने जड झाले होते. आम्ही निघालो, फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच तो बापाच्या खांद्यावर झोपी गेला.

त्या सायंकाळी मी तिला जे सांगितले, तेच येथे लिहितो. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसूल खात्यात पीक बुडाल्याच्या साली शेतसाऱ्यासंबंधी दोन तजविजी असत: काही रक्कम कायमची माफ करावयाची, ती सूट, आणि काही रक्कम चांगल्या सालावर ढकलावयाची, ती तहकुबी. जो अंमलदार या दोहोंचा विचार न करता पूर्ण वसुलीवर अडून बसे, त्याच्या तालुक्यातली गावेच उठून जात. लहान मुलांच्या सहलीत प्रत्येक साल हे अंशतः बुडीत साल आहे, असे धरून चालावे आणि या दोन्ही तजविजी बेतातच लिहून ठेवाव्या. उंच राइड, अंधारी भुयारे, रात्रीची रोषणाई यांची तहकुबी: मूल आठ-दहा वर्षांचे झाल्यावर पाहू. दुपारनंतरच्या साऱ्या तासांची सूट: पैसे भरले असले, तरी ते मागावयाचे नाहीत.

प्रत्यक्ष मुक्कामाची आखणी अशी असावी. तीन दिवस पुरेत, आणि त्यांपैकी उद्यानास एकच द्यावा, तोही मधला. उतरण्याची सोय कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात झाली तर मंडी हाऊस, आणि पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात झाली तर रामकृष्ण आश्रम मार्ग, ही मेट्रोची स्थानके एकाच निळ्या मार्गिकेवर आहेत. त्या मार्गिकेने गाडी न बदलता नोएडाच्या सेक्टर 18 ला उतरले, की ‘वर्ल्ड्स ऑफ वंडर’ हे उद्यान जवळच आहे. रोहिणीतील ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ला जावयाचे, तर लाल मार्गिकेवरील रिठाला स्थानक त्याच्या अगदी लगत. मोटारीच्या कोंडीत दीड तास अडकलेले मूल उद्यानात शिरण्यापूर्वीच अर्धे दमलेले असते; मेट्रो हा माझ्या लेखी सहलीचाच एक भाग आहे, आणि कित्येक मुलांना तीच अधिक आवडते. शनिवार-रविवार टाळावे, दार उघडताच आत शिरावे, आणि जेवणाच्या वेळेस बाहेर पडावे. पहिल्या दिवशी निजामुद्दीन स्थानकापासून जवळ असलेले, 2019 साली भंगारातून उभारलेले जगातील सात आश्चर्यांचे उद्यान सायंकाळी पाहावे. तिसऱ्या दिवसासाठी चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालय राखून ठेवावे. 1977 साली उघडलेल्या त्या संग्रहालयात एका रुळावर धावणारी पतियाळा संस्थानची गाडी आहे, आणि मुलांना बसवून फिरवणारी चिमुकली आगगाडी आहे. ते सोमवारी बंद असते.

पिशवीत पाण्याच्या बाटल्या, ओआरएसच्या पुड्या, सुती टोपी आणि कपड्यांचा एक जोड असावा. मुलाच्या खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. गोल फिरण्याने होणारी मळमळ दोन वर्षांखालील मुलांत क्वचित आढळते आणि सहा ते बारा या वयात अधिक असते. म्हणून थोरल्या मुलाने नको म्हटले, तर त्यास भित्रा ठरवू नये. पाण्याच्या भागात मूल हाताच्या अंतरावरच ठेवावे, जीवरक्षक उभा असला तरीही.

आणि एक गोष्ट मुलांकडून शिकण्यासारखी आहे. मुलास एकदा आवडलेला पाळणा पुन्हा हवा असतो, आणि पुन्हा हवा असतो. पहिल्या खेपेस ते भीतीने दांडी घट्ट धरते, दुसऱ्या खेपेस आईला हात करते, आणि तिसऱ्या खेपेस नव्याने बसलेल्या मुलाकडे जाणत्याच्या नजरेने पाहते. या पुनरावृत्तीतून त्याला आपल्या धैर्याची मोजदाद करता येते. वीस राइड एकेकदा घडविण्यापेक्षा तीन राइड मनसोक्त घडविणे, हा हिशेब वडील माणसांना तोट्याचा वाटतो खरा. परंतु तो दिवस वडील माणसांच्या नावे मांडलेला नसतो. म्हणून खर्चाची याद लिहिताना प्रवास, मुक्काम, भोजन आणि तिकिटे या बाबींखाली ‘सूट’ अशी एक बाब स्वतंत्र लिहावी, तीत तिकिटाची निम्मी रक्कम निघण्यापूर्वीच खर्ची टाकावी, आणि ज्या गृहस्थास ती बाब लिहिताना हात अडखळेल, त्याने आणखी तीन वर्षे थांबून मग यावे.