लागू दे हाताची सवय

‘सारखं घेऊ नकोस गं, हाताची सवय लागेल.’ बाळंतिणीच्या खोलीत हे वाक्य कधी ना कधी येतंच. म्हणणारीच्या मनात मायाच असते, लेकीच्या दुखऱ्या कमरेची काळजी असते. तरी मला म्हणावंसं वाटतं, लागू दे. पोटात अहोरात्र आईला टेकून वाढलेल्या जीवाला ती सवय आधीच लागलेली आहे. गर्भात सगळ्यात आधी जागा होतो तो स्पर्श. आठव्या आठवड्याच्या सुमारास, ओठांभोवती. ऐकणं-पाहणं पुष्कळ मागून येतं.

दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाची मात्र ही सवय एकाएकी तुटते. ‘बाळ काचेत ठेवलंय,’ घरचे फोनवर दबक्या आवाजात सांगतात. काचेच्या पेटीत ऊब असते, आणि या पेट्यांनी असंख्य जीव तारले आहेत. पण तिथं बाळाला लागणारे हात बहुतेक कामाचे असतात: सलाईनची सुई लावणारे, चिकटपट्टी काढणारे, टाचेला टोचून रक्ताचा थेंब घेणारे. जगाशी पहिली ओळख अशी दुखरी व्हावी, याचं फार वाईट वाटतं. आई तेव्हा दुसऱ्याच वॉर्डात असते. दूध दाटून आलेलं, आणि कूस रिकामी.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्यासमोर अशीच बाळं होती. पेट्या अपुऱ्या, एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं, एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर दिली. गरिबीतून निघालेली ही वाट पुढे जगभर ‘कांगारू मदर केअर’ म्हणून रुळली. आपल्याकडच्या सिस्टर तिला नुसतं ‘केएमसी’ म्हणतात.

ते पाहण्यासारखं असतं. आई पुढून उघडणारा गाऊन घालून पाठीला उशा लावून रेलते. सिस्टर बाळाचं अंगडं उतरवते. उरतं टोपडं, लंगोट आणि पायमोजे. दीड किलोचा जीव, कातडीखालच्या निळ्या शिरा दिसणारा, पाठीवर अजून मऊ लव. त्याला उभं धरून आईच्या दोन स्तनांच्या मधे ठेवतात. मान एका बाजूला, किंचित वर, श्वास अडू नये म्हणून. पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून कापड गुंडाळून गाठ. आई आधी घाबरून श्वासच रोखते. मग बाळाच्या मुठी हळूहळू सैलावतात, श्वासाला लय येते, गार पावलांत ऊब उतरते. तिचीही छाती भरून येते, दुधानं आणि दुधाशिवायही. अशा वेळी टाचेला टोचलं तरी बाळाला कमी दुखतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे.

तरी कित्येक वर्षं रिवाज असा होता, की बाळ स्थिरावलं की मग छातीवर द्यायचं. स्थिरावायला दिवस जायचे; काही बाळं तोवर राहायचीच नाहीत. भारतासह पाच देशांत एक मोठा अभ्यास झाला. आपल्याकडचं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. जन्मल्याबरोबर छातीवर दिलेल्या बाळांत पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू शंभरात बारा, आधी स्थिरावू दिलेल्यांत जवळपास सोळा. फरक इतका स्पष्ट दिसला, की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. २०२१ साली ते निष्कर्ष छापून आले. शंभरातली ती तीन-चार बाळं मला सारखी आठवतात.

आपल्या घरांत स्पर्शाची वाण कधीच नव्हती. लांब केलेल्या पायांवर बाळाला पालथं घालून तेल जिरवणारे हात, टाळू भरणं, ओव्या-बाळंतशोपांची शेक-शेगडी. (दिवस भरण्याआधी आलेल्या नाजूक बाळाला ते चोळणं नको, त्याला हवा असतो न हलता ठेवलेला तळहात.) पण या सगळ्यात बाप दाराबाहेर उभा राहिला. केएमसीत त्यालाही शर्ट काढून बसता येतं, आजीलाही. आईला सिझेरियनचे टाके असतील, ताप असेल, तर ऊब बापाचीही चालते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाचे आठ ते चोवीस तास. प्लास्टिकच्या स्टुलावर ओली बाळंतीण आठ तास कशी बसेल? बाळाच्या कक्षातच तिला खाट द्या, दोन वेळचं गरम जेवण द्या, आणि ती अंघोळीला गेली की बाळ छातीशी घ्यायला घरच्या माणसाला आत येऊ द्या.