पाण्याचा जाब कुणाला विचारायचा?

निवडणुकीच्या दिवसांत आपल्या शहरात सर्वांत अधिक आश्वासने कशाची मिळत असतील, तर ती पाण्याची! जे नळाला येत नाही त्याचे, आणि जे नको असताना घरात शिरते त्याचेही. जानेवारी २०२६ मध्ये नागपूर महानगरपालिकेची निवडणूक झाली. माझे ते पहिलेच मतदान. आमच्या प्रभागात नगरसेवक चार, म्हणून मतेही चार. त्यामुळे हात जोडून येणाऱ्यांची आमच्या वस्तीत रीघ लागली होती आणि प्रत्येकाच्या पत्रकात पाणी होतेच.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. हजारो घरांचे नुकसान झाले. माझी आई धुणीभांडी करते. तिच्या कामाची दोन घरे अंबाझरीच्या खालच्या अंगाला आहेत. त्या आठवड्यात तिने भांडी घासली नाहीत, गाळ उपसला. घरच्या बाईही पदर खोचून तिच्या जोडीने घमेली उचलत होत्या. "नगरसेवकाला विचारावं म्हटलं, तर नगरसेवकच नाही," असे त्या म्हणाल्याचे आईने घरी आल्यावर सांगितले.

बाईंचे म्हणणे खरे होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक आरक्षणाच्या न्यायालयीन वादात अडकली आणि जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. महापूर आला तेव्हा १५१ खुर्च्या रिकाम्या होत्या.

नळाच्या पाण्याची गोष्ट आणखी निराळी. २०१२ पासून, पंचवीस वर्षांच्या कराराने, शहराचा पाणीपुरवठा एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आला. पेंच आणि कन्हानचे पाणी घरोघरी पोहोचविणे, जलवाहिन्या सांभाळणे, बिले वसूल करणे ही कामे कंपनीची. मालमत्ता मात्र महापालिकेचीच. चोवीस तास पाणी देण्याचा तो संकल्प होता.

प्रचाराला आलेल्या एका उमेदवाराला माझ्या बाबांनी विचारले, "भाऊ, बिल कंपनीचं येते, तक्रार कंपनीले सांगा म्हणते. मंग तुमचं काम काय?"

उमेदवार हसून म्हणाले, "काकाजी, आपण पाहून घेऊ ना!" आणि पुढच्या दाराकडे वळले. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. पण राज्यशास्त्राच्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेत याहून अवघड प्रश्न मी पाहिलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला इंग्लंडचे उदाहरण आठवले. तेथे आणि वेल्समध्ये मिळून १९८९ मध्ये पाणी आणि सांडपाणी पाहणारी दहा प्रादेशिक प्राधिकरणे विकून त्यांच्या खाजगी कंपन्या झाल्या. तेथील जुन्या गटारांतून पावसाचे आणि मैल्याचे पाणी बरेचदा एकत्रच वाहते. मोठा पाऊस झाला की ते नद्यांत सोडले जाते. मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत हा प्रचाराचा विषय होता. परंतु निवडून आलेल्या कौन्सिलरला कंपनीचा परवाना काढून घेता येत नाही आणि दरही ठरवता येत नाहीत. ते सारे राष्ट्रीय पातळीवर ठरते. म्हणजे लोकांच्या दारात उमेदवार येतो, पण तोटीची किल्ली त्याच्या खिशात नसते.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. येथे करारावर सही महापालिकेची आहे. कंपनीकडून हिशेब मागण्याचा, नदीचे पात्र मोकळे ठेवण्याचा अधिकार महापालिकेकडेच आहे. तिकडे नगरसेवक आहेत, अधिकार नाही. इकडे अधिकार होता आणि चार वर्षे नगरसेवक नव्हते. आता तेही आले आहेत. मग 'पाहून घेऊ' या उत्तरावर आपण समाधान का मानावे?

पाणी खाजगी असावे की सरकारी, यावर विद्वानांत मतभेद आहेत. तो वाद मिटविण्याची माझी योग्यता नाही. मला एवढेच वाटते, की पाणी कुणीही पुरवो, ज्याला जाब विचारायचा तो माणूस लोकांना ठाऊक असला पाहिजे आणि त्याला उत्तर द्यावेच लागले पाहिजे. नाहीतर पूर आला की तो निसर्गाचा, नळ कोरडा राहिला की तो कंपनीचा, आणि मत तेवढे आपले!

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी बिलावरचे आकडे आपणच वाचून दाखवतो. माझ्याही घरी ते काम माझ्याकडे आहे. तो पंचवीस वर्षांचा करार माहितीच्या अधिकारात मागता येतो. कॉलेजात आलेली मी घरातली पहिलीच. तेव्हा तो मागून आणणे आणि बाबांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवणे, हे आता माझ्याकडेच आले. बाबांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.