शिट्टी वाजली की कारंजं सुरू

बागांचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. लहानपणी बाग म्हणजे भेळ, घसरगुंडी आणि 'गवतावर चालू नये' ची पाटी. फुलांमध्ये मला गुलाब, झेंडू आणि मोगरा ओळखता येतात, बाकीची सगळी नुसती 'फुलं'. त्यामुळे एका बागेबद्दल मी एवढं लांबण लावीन असं कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो. पण व्हर्सायच्या बागेत एक गोष्ट ऐकली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना. म्हटलं, लिहून टाकू एकदाचं.

कामानिमित्त तीन महिने पॅरिसला होतो. (हे ऑनसाइट कसं मिळालं ते पुढे येईलच, खरी गोम तिथेच आहे.) एका रविवारी खोलीत बसून मॅगी खायचा कंटाळा आला आणि लोकल पकडून व्हर्सायला गेलो. राजवाड्याची रांग बघूनच पाय दुखायला लागले, म्हणून सरळ बागेचं तिकीट काढलं आणि एका गाइडच्या घोळक्याला चिकटलो.

गच्चीवर उभं राहिलं की पहिल्यांदा काय जाणवतं, तर सगळं सरळ रेषेत आहे. पायऱ्या, कारंजं, हिरवळीचा पट्टा, मग पुन्हा कारंजं, मग कालवा, आणि कालवा जिथे संपतो तिथे आकाश. हा कालवा 1.67 किलोमीटर लांब आहे. म्हणजे दिसतंय म्हणून सहज चालायला लागाल तर दमाल.

ही रेष मारणाऱ्या माणसाचं नाव आंद्रे ल नोत्र. जन्म 1613, मृत्यू 1700. बाप माळी, आजोबा माळी, पॅरिसच्या त्विलरी बागेत पिढीजात नोकरी. हा मात्र आधी सिमों व्हुए नावाच्या चित्रकाराकडे चित्रकला शिकला. ते शिक्षण किती कामाला आलं ते व्हर्सायपेक्षा त्याच्या आधीच्या कामात जास्त दिसतं. म्हणून पुढच्या रविवारी मी मुद्दाम तिथे जाऊन आलो. जागेचं नाव व्हो-ल-व्हिकोंत, पॅरिसच्या आग्नेयेला साधारण पन्नासेक किलोमीटर.

व्होची बाग बांधली निकोला फुकेने. हा चौदाव्या लुईचा अर्थमंत्री. त्याने तीन माणसं एकत्र आणली: घर बांधायला लुई ल व्हो, रंगवायला शार्ल ल ब्रँ आणि बागेला ल नोत्र. वाड्याच्या पायऱ्यांवरून ही बाग एका नजरेत संपल्यासारखी वाटते. समोर एक चौकोनी तळं, त्याला लागूनच मागे दगडी कमानींची भिंत. वाटतं, पाच मिनिटांत पोचू. चालायला लागलो तर भिंत जवळ येईचना! तळ्यापाशी पोचलो तेव्हा कळलं की तळं आणि भिंत यांच्या मध्ये एक अख्खा कालवा आडवा पसरलाय, जो पायऱ्यांवरून दिसतच नव्हता. जमीन तिथे खाली उतरवून त्याने तो लपवलाय. शिवाय दूरच्या गोष्टी मुद्दाम मोठ्या केल्यात, म्हणजे त्या वाड्यावरून जवळ भासतात. डोळा कुठे फसतो हे ओळखून माणसाने मातीत भूमिती केली आहे. मी इंजिनियरिंग ड्रॉइंगला दोनदा बसलेला माणूस, मला हे फारच भिडलं.

17 ऑगस्ट 1661 ला फुकेने राजाला मेजवानी दिली. जेवण, शोभेची दारू, आणि खास त्या दिवसासाठी मोलिएरने लिहिलेलं नाटक. राजा बावीस वर्षांचा. त्याच्याकडे असं काही नव्हतं. 5 सप्टेंबरला फुकेला अटक झाली. अटक करणारा होता दार्तान्याँ, हो, तोच 'थ्री मस्कीटियर्स'वाला, खरा माणूस होता तो. पार्टी बघून राजा जळला आणि अटक केली असं सगळे सांगतात, पण अटकेचं आधीच ठरलेलं होतं, पार्टीने फक्त तेल ओतलं. फुके 1680 मध्ये कैदेतच मेला. आणि राजाने काय केलं? फुकेची ती तिघांची टीम उचलली आणि व्हर्सायला कामाला लावली. पुतळे आणि संत्र्याची झाडंसुद्धा नेली. आमच्या क्षेत्रात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच :)

आता मुख्य भानगड. राजाला कारंजी हवी होती, पुष्कळ हवी होती, आणि व्हर्सायला पाणीच नव्हतं. बापाची शिकारीची जागा, आजूबाजूला दलदल, जवळ धड एक मोठी नदी नाही. तेव्हा वीज नाही की मोटर नाही. पाणी आधी उंचावरच्या हौदांत चढवायचं आणि तिथून नळांनी खाली सोडायचं, उंचीमुळे जो दाब येईल त्यावर कारंजं उडणार. मूळच्या इटलीहून आलेल्या फ्रान्सिन घराण्यातल्या भावांकडे हे काम होतं. त्यांनी घोड्यांचे पंप लावले, पवनचक्क्या लावल्या, लांबलांबची तळी जोडली. कितीही पाणी आणलं तरी राजा नवीन कारंजं सांगायचा. रिक्वायरमेंट वाढतेय, सर्व्हर तोच.

मग त्यांनी एक तोड काढली. गाइड बाईंनी ती सांगितली तेव्हा घोळक्यातले सगळे हसले, मी सोडून.

वाड्यातून दिसणारी कारंजी दिवसभर चालू ठेवायची, तीही कमी जोराने. बाकीची बंद. राजा फिरायला निघाला की कारंज्यांवरची पोरं एकमेकांना शिट्टीने इशारा करायची. शिट्टी ऐकली की पुढच्याने चावी फिरवायची, राजा वळणावर यायच्या आत पाणी उडायला पाहिजे. राजा पुढे गेला की चावी बंद, पाणी पुढच्यासाठी शिल्लक. म्हणजे राजाला आयुष्यभर वाटत राहणार की आपली सगळी कारंजी सदैव उडतायत. तसा राजा खुळा नव्हता, पाण्याच्या टंचाईचे खर्च त्याच्याच सहीने व्हायचे, त्याला माहीत असणारच. पण बरोबरच्या पाहुण्यांना?

गंमत म्हणजे बाग कोणत्या क्रमाने दाखवायची याचं टिपण राजाने स्वतः लिहिलंय. 1689 ते 1705 या काळात सहा वेळा, दर वेळी सुधारून. या पायऱ्यांवर थांबा, इथे वळून बघा, मग डावीकडे जा. डेमो स्क्रिप्ट! पाहुणा भलतीकडे वळला तर कोरडं कारंजं दिसायचं.

मी का हसलो नाही ते सांगतो. दीड वर्षापूर्वी आमच्या प्रॉडक्टचा एका मोठ्या क्लायंटसमोर डेमो होता. रिपोर्टचं पान उघडायला चाळीस सेकंद लागत होते, आणि ते दोन दिवसांत सुधारणं शक्य नव्हतं. मग मी डोकं लढवलं. मी कॉन्फरन्स रूममध्ये मागे बसलो आणि टीममधला एक ज्युनियर, जेमतेम बावीसचा, जॉइन होऊन चार महिने झालेला, बाहेर डेस्कवर. साहेब पुढच्या स्क्रीनकडे वळणार असं दिसलं की मी त्याला व्हॉट्सअॅपवर एक टिंब पाठवायचो. टिंब आलं की तो त्या रिपोर्टची क्वेरी आधीच चालवून निकाल कॅशमध्ये भरून ठेवायचा. साहेबांनी क्लिक केलं की पान फटकन उघडायचं. एकूण अकरा टिंबं गेली. क्लायंटने स्पीडचं खास कौतुक केलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि तीन महिन्यांनी पॅरिसचं तिकीट माझ्या नावाने निघालं.

व्हर्सायच्या त्या पोरांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. ल नोत्रची आहे. ल नोत्रला 1675 मध्ये सरदारकी मिळाली, तेव्हा म्हणे त्याने राजाला गमतीत सांगितलं की माझ्या ढालीवर गोगलगायी आणि कोबी काढा. माणूस गोड असणार. म्हातारपणी राजाने त्याला आपल्या शेजारी ढकलगाडीच्या खुर्चीत बसवून बागेतून फिरवलं, आणि त्याला आपल्या माळी बापाची आठवण आली, असं सँ-सिमोंने लिहून ठेवलंय. त्याचा राग येत नाही मला. त्याने काढलेली रेष खरीच सुंदर आहे. त्याने पुस्तक-बिस्तक लिहिलं नाही, झाडं तर केव्हाच बदलली. 1774 नंतर जवळजवळ सगळी नव्याने लावली गेली, आणि 1999 च्या डिसेंबरमधल्या वादळात एका फटक्यात दहा हजारांच्या वर पडली. तरी आराखडा तोच.

पण डेमो यशस्वी झाला की काय होतं? ऑर्डर वाढते. व्हर्सायला पाणी हवं म्हणून 1684 मध्ये सीन नदीवर मार्लीचं यंत्र सुरू झालं. चौदा प्रचंड लाकडी चाकं, दोनशेच्या वर पंप, पाणी तीन टप्प्यांत दीडशे मीटरच्या वर चढवायचं. बांधणारा रेनकँ सुआलेम हा लिएजकडचा सुतार, त्याला लिहितावाचता येत नव्हतं असं म्हणतात. प्रचंड आवाज करायचं ते, सतत मोडायचं, आणि ठरवलं होतं तेवढं पाणी काही द्यायचं नाही. तरीही 1817 पर्यंत रडतखडत चाललं. मेंटेनन्सवाल्यांना माझा साष्टांग नमस्कार!

तेही पुरेना म्हणून 1685 मध्ये अर नदीच वळवायचं ठरलं. जवळजवळ ऐंशी किलोमीटरचा कालवा, व्होबाँसारखा कसलेला इंजिनियर, आणि खणायला हजारो सैनिक. मँतनों गावापाशी तीन मजली दगडी पूल घालून त्यावरून पाणी न्यायचं होतं. दलदलीत तापाची साथ आली, सैनिक पटापट मरायला लागले. 1688 ला युद्ध सुरू झालं, काम थांबलं, ते कायमचं. पुलाचा एकच मजला झाला, त्याच्या पडक्या कमानी अजून उभ्या आहेत. पाण्याचा एक थेंब त्यावरून व्हर्सायला गेला नाही. त्याच्याही आधी, 1678 मध्ये, मादाम द सेव्हिन्ये ह्या बाईंनी एका पत्रात लिहिलंय की व्हर्सायच्या कामावरच्या मेलेल्या मजुरांच्या गाड्या रात्री भरून नेतात. दिवसा नेल्या असत्या तर पाहुण्यांना दिसल्या असत्या ना.

आमच्याकडे कुणी मेलं नाही, उगीच तुलना नको. पण क्लायंटने सही केल्यावर 'डेमोत होता तोच स्पीड' करारात आला, आणि मग सहा महिने शनिवार-रविवार गेले. मी अर्ध्यातून पॅरिसला आलो. तो पोरगा तिथेच होता. एकदा रात्री दोनला त्याने मला पिंग केलं, "दादा, अजून तेवीस सेकंद लागतायत." मी इथून दोन इंडेक्स सुचवले आणि झोपलो. त्यानंतर महिन्याभरात त्याने पेपर टाकला. सध्या सांगलीला घरी आहे, म्हणतो थोडे दिवस कॉम्प्युटर बघायचा नाही.

दुपारी कारंजी सुरू झाली. आता शनिवार-रविवारी ठरलेल्या वेळेपुरती उडतात, संगीतासकट. पाणी पुन्हा हौदात चढवून तेच तेच वापरतात, पण जुने लोखंडी नळ अजून बरेचसे लुईच्या काळातले आहेत, आणि चाव्या आजही माणसंच फिरवतात. एका झुडपाच्या भिंतीमागे निळ्या कपड्यातला एक माणूस वाकून लांब दांड्याची चावी फिरवत होता. मी सोडून कुणी तिकडे बघत नव्हतं, कारण समोर पाणी उडत होतं.

त्या पोराला फोटो पाठवला आणि शिट्टीची सगळी गोष्ट टाइप केली. बराच वेळ निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मग उत्तर आलं.

"दादा, त्यांना कॉम्प-ऑफ मिळायचा का?"

हसायची स्मायली टाकणार होतो, टाकली नाही. "सॉरी रे, ते अकरा टिंबांचं" एवढं लिहिलं. साडेपाचला पाणी बंद झालं आणि सगळ्यांबरोबर मीही स्टेशनकडे निघालो.