रामकुंडावरचा वस्तरा

नाशिकच्या पंचवटीत, गोदावरीच्या रामकुंडावर क्षौरविधीसाठी दूरदूरचे लोक येतात. कोणी आईवडिलांचे दिवस करण्यास, कोणी तीर्थयात्रेच्या निमित्ताने. घाटावर नाभिक बसलेला असतो. शेजारी पाण्याची वाटी, साबण, तुरटी आणि वस्तरा.

पूर्वी वस्तरा दगडावर घासून चामड्याच्या पट्ट्यावर परजत, आणि तेच पाते एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर फिरे. आता अर्धे ब्लेड बसवायचे वस्तरे सर्रास दिसतात. तरीही ब्लेड बदलले म्हणजे सारे साधले, असे नाही. ब्लेड ज्या खाचेत बसते ती खाच आणि अनेकांच्या गालांवरून फिरलेला तुरटीचा खडा तसाच राहतो. हेपटायटिस ‘बी’चा विषाणू वाळलेल्या रक्तात ७ दिवसही तग धरतो, आणि ते रक्त डोळ्यांना दिसेलच असे नाही. नुसत्या पाण्यात वस्तरा बुचकळून तो मरत नाही.

म्हणून वाचकहो, घरातील ज्येष्ठांना तेथे नेताना स्वतःचा वस्तरा, नवे ब्लेड आणि तुरटी सोबत ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती परस्पर बंद करू नका. कापलेच तर स्वच्छ कापडाने १० मिनिटे सलग दाबून धरा. मधुमेह असल्यास बारीक जखमही रोज पाहा.

शोकाच्या घडीला ब्लेडविषयी बोलणे अवघड वाटते. तरी बोलावे; कारण त्याच पात्याने नाभिकाचे बोटही कापते. ३ मात्रांची लस त्यालाही तितकीच हवी.