सोसणे आणि सांगणे

शनिशिंगणापूरच्या जुन्या घरांना चौकट असते, दार नसते. त्यामुळे तेथील एक जैन दुकानदार काका गुडघ्याचे सांधारोपण करून घरी परतले, तेव्हा त्यांना पहिली काळजी वाटली ती कण्हण्याची. आवाज थेट रस्त्यावरच्या भाविकांना ऐकू जाणार! तीन वेळा अठ्ठाई केलेल्या माणसाला ते शोभले नसते.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई सोनईहून येत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "काका, दुखणार आहे." टाच गादीवरून मागे सरकवत गुडघा वाकवताना आत दोरी ताणल्यासारखे होते, तो खाली दाबून पूर्ण सरळ करताना तर डोळ्यांत पाणी येते. सूज आणि ऊनपणा कित्येक आठवडे राहतो, जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागते. व्यायामानंतर बर्फ ठेवून तासा-दोन तासांत उतरणारी कळ ही कामाची कळ. तिला भिऊन पाय जपत बसले, तर गुडघा आखडतो.

काकांनी हे सारे परिषह म्हणून स्वीकारले. दात आवळून ते वाकवत राहिले. चौविहार असल्याने रात्रीची औषधांची पुडी मात्र उघडत नसत, आणि हे त्यांनी कोणालाही, अगदी काकूंनाही, सांगितले नाही.

तिसऱ्या आठवड्यात पोटरी दुखू लागली. बर्फाने उतरेना, विश्रांतीने थांबेना. ताईंनी पायजमा वर सारला, तर पोटरी दुसऱ्या पायाहून जाड, टणक आणि गरम.

"कधीपासून?"

"परवापासून. सोसवते की."

ताईंनी व्यायाम तेथेच थांबवला, पोटरी चोळूही दिली नाही. त्याच दुपारी नगरला सोनोग्राफी झाली. शिरेत रक्ताची गाठ होती. अशी गाठ सुटून फुप्फुसात गेली, तर जीवावर बेतते. रात्रीच्या पुडीत वेदनाशामक गोळीबरोबर रक्त गोठू न देणारी गोळीही होती, हे काकांना तेव्हा कळले. ती बारा तासांच्या अंतराने घ्यायची. डॉक्टरांनी एक मात्रा सूर्योदयानंतर आणि दुसरी सूर्यास्तापूर्वी बसवून दिली. चौविहार मोडावा लागलाच नाही. पहिल्या दिवशी विचारले असते, तरी लागला नसता.

बावीस परिषहांत रोगाचाही समावेश आहे, हे खरे. पण ते मुनिचर्येसाठी सांगितलेले आहेत. श्रावकाने वैद्यापासून दुखणे लपवणे हे तप कसे मानावे? दुकानातली उधारी वहीत मांडल्यावाचून ज्यांचा दिवस मावळत नाही, त्यांनी शरीराचा हिशेब मात्र दडवून ठेवावा, याचे नवल वाटते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर व्यायाम पुन्हा सुरू झाला. अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक सध्या खुर्चीवर होते, याची हळहळ काकांना आहे. कण्हणे मात्र आता मोकळेपणाने चालते. समोरचा फुलवाला रस्त्यावरूनच विचारतो, "शेठ, आज किती वाकला?"

"एकशे पाच!" आतून उत्तर येते.