सांगड

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा नकाशा पाहिला म्हणजे तो मुलूख नद्यांच्या कुशीत वसल्यासारखा दिसतो. उत्तरेस पैनगंगा, ईशान्येस वर्धा, पूर्वेस प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी. २०१६ साली या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्याआधी १९५६ साली किनवट व राजुरा हे तालुके येथून निघून मुंबई राज्यात आले. सरकारी रेषा अशा बदलत राहिल्या, परंतु नद्यांनी आपली वाट बदलली नाही, आणि काठावरच्या माणसांनी आपली बोलीही सोडली नाही. आदिलाबादच्या बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी व उर्दू या चारही भाषा एकाच दुकानापुढे ऐकू येतात.

गेल्या हिवाळ्यात मुदखेड-किनवट मार्गाच्या रेल्वेने आम्ही या भागात गेलो. १९६२ साली चांदा येथे सिरो-मलबार मिशनक्षेत्र स्थापन होऊन कार्मेल संघाच्या धर्मगुरूंनी येथील काम हाती घेतले, आणि १९९९ साली आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पाहुणचार धर्मबंधूंचा होता, पण आमचे मन ओढले ते नदीने. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून पुढे प्राणहिता हे नाव धारण करून ती गोदावरीकडे वाहत जाते. पात्र रुंद, काठी सागाचे रान, आणि हिवाळ्यात वाळूची लांबच लांब बेटे उघडी पडलेली.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभियंत्यांनी या पाण्यावर मोठा मनसुबा रचला होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस मोठ्या नावांतून थेट पूर्वसमुद्रास न्यावा, यासाठी खडकाळ उतारांवर बांधकामे सुरू झाली. खर्च अफाट झाला आणि १८७१ साली ते काम सोडून देण्यात आले. मोठ्या नावा आल्या नाहीत. माणसांना पैलतीरी नेण्याचे काम साध्या डोंग्यांनीच पुढेही केले.

त्या डोंग्यांची एक रीत आमच्या मनात घर करून राहिली आहे. एकाच झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा अरुंद असतो. जरा भार एका अंगास गेला की तो कलंडतो. म्हणून दोन डोंगे शेजारी ठेवून त्यांवर आडवे बांबू टाकीत आणि दोरांनी बांधीत. यालाच आपल्या भाषेत 'सांगड' म्हणतात. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण त्यामागे नदी आहे हे विसरतो. तेलुगूतही जोडडोंग्यास 'संगडी' म्हणतात, आणि त्याच शब्दापासून तेथे सोबत्याचे नाव तयार झाले आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथातदेखील आपल्या पूर्व किनाऱ्यावरील अशा जोडनावांचा 'संगारा' या नावाने उल्लेख आहे.

एका वृद्ध नावाड्यास आम्ही विचारले, "बाबा, सांगड बांधण्यात कसब कशाचे?" तो म्हणाला, "फादर, अगदी चिकटवून बांधले तर डोंगे एकमेकांना घासून फुटतात. सैल सोडले तर धारेत फाकतात. मधून पाणी वाहील एवढी जागा ठेवायची आणि दोर रोज चाचपायचा."

प्रिय वाचकहो, विवाहाची तयारी करणाऱ्या वधूवरांना आम्ही अनेक वर्षे पुष्कळ काही सांगत आलो आहोत. त्याचे सार या तीन वाक्यांत आले आहे. विवाह संस्काराने दोघे एक होतात, तरी एक दुसऱ्यात बुडून नाहीसा होत नाही. एकट्याने जो भार पेलवत नाही, तो दोघांच्या रुंदीवर तोलला जातो. आणि दोर एकदा बांधला म्हणून संपत नाही, तो रोज चाचपावा लागतो.

हा दोर कोठे सुटतो, हे पाहण्यास नदीवर जाण्याचे कारण नाही. आदिलाबाद काय, आपला विदर्भ-मराठवाडा काय, हा सारा कापसाचा मुलूख. पाऊस हुलकावणी देतो, बोंडअळी येते, भाव पडतो. घरधनी कर्ज काढतो आणि बायकोला कळू देत नाही. तिला काळजी नको, हा त्याचा हेतू असतो; परंतु आपल्या बाजूच्या डोंग्यास पडलेले भोक लपविणाऱ्या नावाड्यासारखी त्याची गत होते. पाणी तर दोघांच्याही पायाशी चढत असते. सावकार दारात उभा राहिल्यावर, किंवा त्याहूनही भयंकर घडल्यावर, जेव्हा त्या माउलीस सारे कळते, तेव्हा तिचे पहिले वाक्य असते, "मला आधी सांगायचे होते." हे वाक्य आम्ही एकाहून अधिक घरांत ऐकले आहे.

संकट दोघांस ठाऊक असले म्हणजे काय घडते, याची साक्ष दूरच्या समुद्राने दिली आहे. मॉरिस व मॅरलिन बेली हे इंग्रज दांपत्य १९७२ साली स्वतःच्या शिडाच्या नौकेतून न्यूझीलंडकडे निघाले. ४ मार्च १९७३ रोजी पॅसिफिक महासागरात देवमाशाच्या धडकेने त्यांची नौका बुडाली. हवा भरलेला एक तराफा आणि एक लहान होडी दोरीने एकत्र बांधून, म्हणजे आपल्या शब्दांत सांगड घालून, त्या दोघांनी ११७ दिवस काढले. सेफ्टी पिनांचे गळ करून मासे धरले, कासवे खाल्ली, पावसाचे पाणी साठविले. जवळून जहाजे गेली, पण त्यांना ती दिसली नाहीत. नौकेचा कप्तान मॉरिस. मात्र त्याचा धीर खचला तेव्हा पोहता न येणाऱ्या मॅरलिनने सूत्रे हाती घेतली. तिने कागदाचे पत्ते करून खेळ मांडला, पुढच्या नौकेचे बेत आखले आणि नवऱ्याच्या मनास उद्याचा दिवस दाखविला. ३० जून रोजी कोरियाच्या एका मासेमारी जहाजाने त्यांना वाचविले. सुकाणू कोणाच्या हाती, हा मानाचा प्रश्न नव्हे. ज्याच्या अंगी त्या घटकेस बळ आहे त्याने ते धरावे, आणि दुसऱ्याने धरू द्यावे.

आपल्याकडचे उदाहरण याहून सौम्य आहे. मुंबईचे कौस्तुभ खाडे २०१६ च्या अखेरीस कयाक नावाच्या अरुंद होडीतून द्वारकेहून निघाले व २०१७ च्या आरंभी कन्याकुमारीस पोहोचले; सुमारे ३,००० किलोमीटरचा हा किनारा त्यांनी वल्ह्याने कापला. त्यांच्या जोडीदार शांजली शाही याच किनाऱ्याने सायकलवरून गेल्या. एक पाण्यावर, एक रस्त्यावर, पण मुक्कामाचे ठिकाण एकच. आमच्या किती कुटुंबांचे असेच चालते! कोणी गवंडीकामास शहरात, कोणी आखातात, घरची बाई शेतावर. वाटा वेगळ्या असणे हा दोष नाही. सायंकाळी मनाने एकाच किनाऱ्यास लागणे मात्र चुकता कामा नये. आणि आता तर दूरध्वनी खिशातच असतो.

पवित्र शास्त्रातही असे एक प्रवासी दांपत्य आहे. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून घालविले तेव्हा अक्विल्ला व प्रिस्किल्ला करिंथ येथे आली. तंबू करण्याच्या व्यवसायावर पोट भरीत त्यांनी संत पौलास घरात ठेवून घेतले, आणि पुढे त्याच्यासह गलबतात बसून इफिसला गेली. तेथे अपुल्लोस नावाच्या विद्वान वक्त्यास दोघांनी मिळून प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. घरदार गेलेली ही जोडी. परंतु प्रेषितांच्या कृत्यांत किंवा पौलाच्या पत्रांत त्यांतील एकाचे नाव दुसऱ्यावाचून कधीच येत नाही. त्यांच्या सांगडीवर प्रेषितास जागा मिळाली, आणि घरात ख्रिस्तसभा भरू लागली.

प्राणहितेवर आता काही ठिकाणी पूल झाले आहेत, नावांना यंत्रे आली आहेत. जोडडोंगे पुढे कदाचित शब्दापुरतेच उरतील. संसाराच्या नदीवर मात्र पूल कोणास बांधता आला नाही. ती दोघांनी मिळूनच उतरावी लागते. म्हणून आमची आपल्या घराघरांस एक विनंती आहे. रात्री रोझरी झाल्यावर, दिवा मालविण्यापूर्वी, नवराबायकोने घटकाभर एकत्र बसावे. घेतलेले, दिलेले, मनात खुपलेले एकमेकांस सांगावे. ज्याने वादळात शिष्यांची होडी सोडली नाही, तो प्रभू आपल्याही सांगडीवर बसलेला आहे. आपण फक्त दोर चाचपून पाहावा.