हुंकार

लहानपणी आम्ही पाच भावंडे माजघरात ओळीने निजत असू आणि आजोबा अंधारात गोष्ट सांगत. त्यांची दृष्टी अधू झाली होती. कोण जागे आणि कोण निजले, हे कळावयास त्यांना मार्ग नव्हता. म्हणून ते मध्येच थांबून विचारीत, "ऐकताय ना रे?" कोणी एकाने 'हूं' म्हटले की गोष्ट पुढे चाले. तो हुंकार कोणाचा, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

तो हुंकार परवा मला अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटला. माझा पुतण्या संगणकांची नेटवर्के उभारतो. 'मल्टिकास्ट म्हणजे काय रे?' असे मी त्याला सहज विचारले. त्याने सांगितले ते असे: नेटवर्कमधील साधा पत्ता एकाच यंत्राचा असतो; परंतु २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते कोणा एकाचे नव्हेत, ते श्रोत्यांच्या समुदायांचे. अशा पत्त्यावर भाषण पाठविले, की श्रोते तीन असोत वा तीन हजार, पाठविणारा प्रत एकच पाठवितो. वाटा जेथे फुटतात, तेथे राउटर नावाची यंत्रे तिच्या प्रती काढतात. कोण ऐकत आहे, हे पाठविणाऱ्यास ठाऊक नसते. ज्याला ऐकावयाचे त्याने आपल्या जवळच्या राउटरला तसे कळवावयाचे. स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ साली ही रीत नियमबद्ध करून लिहून ठेवली.

"पण श्रोता न सांगताच उठून गेला तर?"

"राउटर मधूनमधून विचारतो ना, काका!"

१९९७ सालच्या नियमांप्रमाणे राउटर साधारणतः दर १२५ सेकंदांनी 'कोणी ऐकत आहे का?' असे विचारतो. प्रत्येक श्रोता १० सेकंदांच्या आतला कोणता तरी क्षण चिठ्ठी उचलावी तसा निवडतो आणि तोवर थांबतो. तेवढ्यात दुसऱ्याचा होकार कानी आला, तर हा गप्प राहतो. एक होकार सर्वांना पुरतो. एकही न आला, तर थोडी वाट पाहून राउटर त्या वाटेने पाठविणे थांबवितो.

हे ऐकताना मी कधी माजघरात जाऊन पोहोचलो, ते पुतण्याला कळले नसावे. एका रात्री आजोबांनी दोनदा विचारले आणि हुंकार आला नाही. आम्ही पाचही जण जागे होतो! दुसरे कोणी तरी देईल, या भरवशावर प्रत्येक जण पडून राहिला होता. आजोबांनी चाचपडत आमची पांघरुणे सारखी केली आणि ते निघून गेले. दोन दिवसांनी ते अंथरुणास खिळले. पुन्हा उठले नाहीत.

दुसऱ्याच्या होकारावर विसंबण्याची मुभा त्या यंत्रांनाही आहे. पण तो कानांनी ऐकल्यावर. आम्ही तो न ऐकताच गृहीत धरला.

पुतण्या म्हणाला, २००२ सालच्या नव्या नियमांत ती मुभाही काढून टाकली आहे. आता प्रत्येकाने आपला होकार स्वतःच द्यावयाचा. आमच्या माजघरात हा नियम असता, तर सात समुद्रांपलीकडे गेलेल्या त्या राजपुत्राचे पुढे काय झाले, हे मला आज ठाऊक असते.